सुगंधी बिया आणि काळा पाव : राय-पावाच्या परंपरेचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

मध्य आणि उत्तर युरोपात गव्हाच्या पांढऱ्या पावाहून अगदी वेगळ्या, गडद रंगाच्या, आंबूस चवीच्या आणि हाताला जड लागणाऱ्या पावाची परंपरा अनेक शतके टिकून आहे. हा पाव मुख्यतः राय या तृणधान्याच्या, बहुधा कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा असतो. तो यीस्ट आणि आम्लजनक जिवाणू यांच्या एकत्रित क्रियेने फुगतो. आणि या परंपरेच्या मोठ्या भागात त्याच्या कणकेत कॅरवे, बडीशेप, अनीस किंवा धने यांसारख्या सुगंधी बिया घातल्या जातात. येथे राय म्हणजे मोहरीची राई नव्हे, तर गव्हाच्या कुळातील एक स्वतंत्र धान्य आहे. कॅरवे म्हणजे आपल्याकडील शहाजिऱ्याच्या अगदी जवळची, किंचित वाकडी, रेघाळ बी. आणि अनीस म्हणजे बडीशेपेच्या चवीची, पण आकाराने लहान व अधिक गोडसर अशी विलायती बडीशेप होय.

या बिया पावात का घातल्या जातात, याची तीन उत्तरे पाकशास्त्रीय लेखनात वारंवार दिली जातात. जड पाव पचावा म्हणून, असे पहिले उत्तर. पाव अधिक दिवस टिकावा म्हणून, असे दुसरे. आणि केवळ चवीसाठी, असे तिसरे. तिन्ही उत्तरे इतक्या सहजपणे एकापुढे एक मांडली जातात की त्यांतील कोणत्या उत्तरामागे किती पुरावा आहे, याची तपासणी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात आधी धान्याचे व आंबवण्याचे शास्त्र, नंतर बियांचे स्वरूप आणि प्रदेशवार परंपरा यांचा परामर्श घेऊन मग या तीन उत्तरांची छाननी केली आहे, आणि अखेरीस असा पाव घरी करताना कोणत्या गोष्टी निर्णायक ठरतात हे सांगितले आहे.

राय : तण म्हणून आलेले धान्य

रायचा उगम पश्चिम आशियात झाला असे मानले जाते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी असे प्रतिपादन केले की राय हे आरंभी गहू आणि सातूच्या शेतात उगवणारे तण होते. शेती जसजशी उत्तरेकडे व उंच डोंगराळ भागात सरकली, तसतसा थंडीने आणि निकस जमिनीने गहू खुरटू लागला, पण राय तग धरून राहिली आणि शेतकऱ्याने अखेर तणालाच पीक म्हणून स्वीकारले. जर्मनीचा उत्तर भाग, पोलंड, बाल्टिक प्रदेश आणि रशिया येथील रेताड, आम्लयुक्त जमिनीत व कडक हिवाळ्यात भरवशाने येणारे ब्रेडचे धान्य तेच होते. म्हणून काळा पाव हा तेथे आवडीचा भाग होण्याआधी गरजेचा भाग होता. आजही रायचे पीक प्रामुख्याने जर्मनी, पोलंड, रशिया, बेलारूस आणि डेन्मार्क याच पट्ट्यात घेतले जाते.

रायच्या दाण्याची घडण गव्हासारखीच, म्हणजे बाहेर कोंडा, आत पिठूळ गर आणि टोकाला अंकुर अशी असली, तरी तिचे पीठ मळताना गव्हाचा अनुभव उपयोगी पडत नाही. गव्हातील प्रथिने पाण्याशी मिळून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार करतात, आणि यीस्टने सोडलेला वायू या जाळ्यात अडकून पाव फुगतो. रायमध्ये प्रथिने असतात, पण त्यांचे असे सलग जाळे होत नाही. त्याऐवजी पेंटोसान या नावाने ओळखली जाणारी डिंकासारखी कर्बोदके तेथे मुबलक, म्हणजे अख्ख्या दाण्याच्या साधारण ८ ते १० टक्के, असतात. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घेतात आणि पिठाला चिकट लगद्याचे रूप देतात. राय-पावाचा पोत, त्याचा ओलावा आणि तो दिवसेंदिवस मऊ राहण्याचा गुण हे सारे या पेंटोसानवर अवलंबून आहेत.

दुसरी अडचण अमायलेज या विकराची आहे. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. अमायलेज हे पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करून त्याची साखर बनवते. रायचे पिष्ट साधारण ५५ ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगते, आणि नेमक्या त्याच तापमानाला अमायलेज अत्यंत क्रियाशील असते. त्यामुळे भट्टीत पाव तापत असताना, ज्या पिष्टाने पावाचा गाभा धरून ठेवायचा तेच पिष्ट विरघळू लागते आणि पाव कापल्यावर सुरीला चिकटणारा, मधोमध बसलेला गाभा हाती येतो. कापणीच्या वेळी पाऊस लागून दाण्याला मोड फुटू लागले असतील, तर हा दोष अधिकच वाढतो. गिरण्यांमध्ये पिठाचा हा गुण ‘फॉलिंग नंबर’ या कसोटीने मोजतात. पीठ आणि पाण्याच्या गरम खळीतून दांडी खाली बसायला जितके कमी सेकंद लागतील, तितके अमायलेज अधिक.

आंबट खमिराचे कार्य

या अडचणीवर युरोपातील बेकरांनी रसायनशास्त्र जन्माला येण्यापूर्वीच तोड काढली होती, ती म्हणजे आंबट खमीर. पीठ आणि पाणी कालवून उबदार जागी ठेवले, आणि त्यातील थोडा भाग पुढच्या खेपेसाठी राखून ठेवत गेले, की त्यात लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू आणि रानटी यीस्ट यांची वस्ती स्थिर होते. जिवाणू लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ले तयार करतात. लॅक्टिक आम्लाची आंबट चव दह्यासारखी सौम्य, तर ॲसेटिक आम्लाची शिरक्यासारखी तीव्र असते. पिठाची आम्लता वाढली की अमायलेजचे काम मंदावते आणि पेंटोसानची पाणी धरून ठेवण्याची शक्ती सुधारते. थोडक्यात, गव्हाच्या पावात आंबटपणा ही चवीची निवड असते, तर रायचे प्रमाण मोठे असलेल्या पावात ती रचनेची अट असते.

जर्मन बेकरीशास्त्राने या प्रक्रियेची शिस्तबद्ध मांडणी केली. डेटमोल्ड येथील धान्य-संशोधन संस्थेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन टप्प्यांच्या पद्धतीत पहिल्या टप्प्यात पातळसर, कोमट मिश्रणात यीस्ट वाढवतात, दुसऱ्यात थोडे घट्ट व थंड मिश्रण ठेवून ॲसेटिक आम्ल येऊ देतात आणि तिसऱ्यात पुन्हा ऊब देऊन लॅक्टिक आम्ल वाढवतात. तापमान आणि घट्टपणा बदलून आंबटपणाचा तोल साधता येतो, हे या पद्धतीचे सार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबून वड्या पाडलेले यीस्ट कारखान्यांतून मिळू लागल्यावर बहुतेक बेकरीत दोन्हींचा संगम झाला : आम्लासाठी खमीर आणि खात्रीच्या फुगण्यासाठी थोडे तयार यीस्ट. आज घरोघरी केला जाणारा राय-पाव बहुधा या मिश्र पद्धतीनेच होतो.

आंबवण्याचा आणखी एक लाभ पोषणाच्या अंगाने महत्त्वाचा आहे. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह व जस्त यांसारख्या खनिजांना बांधून ठेवते आणि शरीराला ती सहज मिळू देत नाही. दीर्घकाळ आंबवल्याने धान्यातील फायटेज हे विकर कार्यक्षम होते आणि फायटिक आम्लाचे विघटन होते. म्हणून अख्ख्या धान्याचा पाव घाईने फुगवण्यापेक्षा सावकाश आंबवणे पोषणाच्याही हिताचे ठरते. रायमधील तंतुमय द्रव्ये शौचाची क्रिया सुरळीत ठेवतात, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये मान्य केला. मात्र रायमध्ये ग्लुटेनच्या गटातील प्रथिने असल्यामुळे सीलिअॅक विकाराच्या रुग्णांना हा पाव वर्ज्य आहे.

बियांची ओळख

ज्यांना व्यवहारात बिया म्हटले जाते, ती कॅरवे, बडीशेप, अनीस आणि धने ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाळलेली फळे आहेत, आणि चारही एकाच, म्हणजे कोथिंबीर व जिऱ्याच्या कुळातील आहेत. फळाच्या सालीत तेलाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि सुगंध या नळ्यांत साठलेला असतो. अखंड बी कणकेत घातली तर नळ्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि सुगंध दाताखाली बी आल्यावरच प्रकटतो. जाडसर कुटली तर तो साऱ्या पावात पसरतो. आणि अगदी बारीक पूड केली तर भट्टीच्या उष्णतेने त्याचा काही भाग उडून जातो. अनुभवी बेकर अर्धी बी अखंड आणि अर्धी भरड का घेतात, याचे कारण यात आहे.

प्रत्येक बीचे मुख्य सुगंधी द्रव्य वेगळे आहे. कॅरवेमध्ये कार्व्होन आणि लिमोनीन, अनीसमध्ये अनेथोल, बडीशेपेत अनेथोलच्या जोडीला कापरासारखा फेन्कोन, तर धन्यात फुलासारख्या वासाचे लिनालूल प्रमुख असते. कॅरवे आणि शेपू यांच्या वासात जे साम्य जाणवते, त्याचे कारण दोहोंत कार्व्होनचा एकच प्रकार असतो; पुदिन्याच्या एका जातीत याच रेणूची आरशातील प्रतिमा असते आणि तिचा वास सर्वस्वी निराळा येतो. युरोपच्या पूर्व व दक्षिण सीमेपलीकडे, तुर्कस्तान आणि इराणपासून उत्तर भारतातील नानपर्यंत, कलौंजी आणि तीळ पावाच्या पृष्ठभागावर पेरले जातात. पण तेथे बी कवचावर राहते, कणकेत मिसळली जात नाही, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

इतिहासातील उल्लेख

पिठाच्या पदार्थांत सुगंधी बिया घालण्याची प्रथा राय-पावाहून पुष्कळ जुनी आहे. रोमन लेखक केटो याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील आपल्या शेतीविषयक ग्रंथात द्राक्षरसात मळलेल्या एका पोळीची कृती दिली असून तिच्यात अनीस आणि जिरे आहेत. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनीने पावाच्या संदर्भात अनीस आणि कलौंजी यांचा उल्लेख केला आहे. इसवी सन ८०० च्या सुमारास, फ्रँक राजा शार्लमेनच्या काळात, राजाच्या मालकीच्या जमिनींवर कोणती झाडे लावावीत याचा जो आदेश निघाला, त्याच्या यादीत कॅरवे, बडीशेप, अनीस, धने, जिरे, कलौंजी आणि मेथी ही सारी नावे आढळतात. म्हणजे आजच्या आल्प्स परिसरातील पाव-मसाल्याचे सर्व घटक नवव्या शतकाच्या उंबरठ्यावर मध्य युरोपच्या बागांत लावण्याजोगे मानले जात होते. त्यांतील कॅरवे तर या प्रदेशातील कुरणांत आपोआप उगवणारी वनस्पती असल्यामुळे ती दूरवरून विकत आणाव्या लागणाऱ्या मिरी व दालचिनीसारखी महाग नव्हती. गरिबाच्या पावात मसाला शिरला तो असा.

प्रदेशवार चित्र

या परंपरेचा नकाशा काढला तर मसाल्याचे वाटप सर्वत्र सारखे दिसत नाही. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि आल्प्समधील दक्षिण टिरोल हा मसालेदार पावाचा बालेकिल्ला आहे. तेथे कॅरवे, बडीशेप, अनीस आणि धने यांचे मिश्रण ‘पाव-मसाला’ याच अर्थाच्या नावाने दुकानांत तयार मिळते. दक्षिण टिरोलमधील फिन्शगाउ खोऱ्यात दोन चपटे गोल पाव एकमेकांना चिकटवून भाजले जातात. त्यांचा जुना प्रकार मारिएनबेर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाशी जोडला जातो आणि त्याला स्लो फूड चळवळीने संरक्षण दिले आहे. या पावात निळ्या मेथीची, म्हणजे आपल्या मेथीच्या एका निळ्या फुलांच्या बहिणीची, वाळलेली पाने घालतात. त्याच प्रदेशातील श्युटेलब्रोट हा कडक, पातळ पाव तबकावर हलवून पसरवला जातो आणि महिनोन्महिने टिकतो. डोंगरावरील शेतकरी कुटुंबे वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी पेटवीत, पाव लाकडी चौकटीत रचून ठेवीत आणि पाटाला बिजागरीने जोडलेल्या सुरीने त्याचे तुकडे करीत.

उत्तरेकडे चित्र पालटते. वेस्टफालियाचा पुम्परनिकल हा जाडसर भरडलेल्या रायचा पाव किमान १६ तास मंद आचेवर भाजावा लागतो असा जर्मन खाद्यसंहितेचा निकष आहे. त्याचा काळसर रंग आणि गोडसर चव या दीर्घ भाजण्यातून येते, आणि त्यात परंपरेने मसाला नसतो. फिनलंडचा राय-पाव, जो २०१७ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त झालेल्या मतदानात राष्ट्रीय खाद्य ठरला, तोही बहुधा केवळ राय, पाणी आणि मीठ यांचा असतो. डेन्मार्कच्या रोजच्या राय-पावाचीही स्थिती बरीचशी तशीच आहे. याउलट शेजारच्या स्वीडनमध्ये अनीस, बडीशेप आणि कॅरवे यांचे पाव-मिश्रण सर्वपरिचित आहे, आणि नाताळच्या गोड, गडद पावात त्याच्या जोडीला बिअरचा अर्क आणि कडू संत्र्याची साल येते. लॅटव्हियात उकळत्या पाण्याने पिठाचा काही भाग शिजवून केलेल्या राय-पावात कॅरवे घालतात, आणि या पावाला युरोपीय संघाने पारंपरिक विशेष उत्पादन म्हणून मान्यता दिली आहे.

रशियातील बोरोडिन्स्की हा धन्याच्या पावाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. १८१२ च्या बोरोडिनोच्या लढाईत पती गमावलेल्या मार्गारिता तुच्कोवा यांनी रणांगणाजवळ मठ स्थापन केला, तेथील जोगिणींनी हा पाव प्रथम केला आणि धन्याचे दाणे तोफेच्या छऱ्यांचे प्रतीक आहेत, अशी आख्यायिका सांगितली जाते. परंतु या नावाच्या पावाची निश्चित कृती सोव्हिएत काळातील, १९३० च्या दशकातील, मॉस्कोच्या बेकरी उद्योगाकडून येते. प्रमाणित कृतीत ८० टक्के रायचे जाडे पीठ, १५ टक्के गव्हाचे पीठ, ५ टक्के लाल राय-माल्ट, म्हणजे मोड आणून, आंबवून व वाळवून केलेले पीठ, आणि या एकूण पिठाच्या अर्धा टक्का धने, असे प्रमाण आहे. धन्याची निवडही आकस्मिक नसावी. रशियाच्या दक्षिणेकडील काळ्या मातीच्या पट्ट्यात धने तेलासाठी मोठ्या प्रमाणावर पिकवले जात होते. आख्यायिकेपेक्षा शेती आणि कारखाना हेच या पावाचे अधिक खरे जनक दिसतात.

पूर्व युरोपातील ज्यू स्थलांतरितांनी कॅरवे घातलेला राय-पाव न्यूयॉर्कला नेला. तेथे गव्हाच्या पिठाचे प्रमाण वाढत गेले, रायचे घटले, पण कॅरवे कायम राहिली, आणि परिणामी अनेक अमेरिकन ग्राहक कॅरवेच्या चवीलाच रायची चव समजू लागले. १९६० च्या दशकात लेव्हीज या न्यूयॉर्कच्या बेकरीच्या जाहिरातींनी हा पाव ज्यू वस्तीबाहेरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचवला. मसाला धान्याची जागा कशी घेऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तीन उत्तरांची छाननी

पचनाचे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे. कॅरवे आणि बडीशेप वायू सरतो म्हणून औषधी मानण्याची प्रथा युरोपात आणि भारतात सारखीच जुनी आहे, आणि युरोपीय औषध संस्थेने पोटफुगीवरील कॅरवेचा वापर पारंपरिक वनौषधींच्या गटात स्वीकारला आहे. मात्र हा गट दीर्घकालीन वापरावर आधारलेला असून त्यासाठी आधुनिक चाचण्यांचा सबळ पुरावा आवश्यक नसतो. शिवाय पावाच्या एका कापात उतरणारी बी पाव ग्रॅमच्या आसपास असते. औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या मात्रेहून ती पुष्कळ कमी आहे. पचनाचा विचार ही प्रथा रुजवण्यास कारणीभूत झाला असेल, पण एका कापातील बी पोटाला प्रत्यक्ष किती आराम देते, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे.

टिकाऊपणाचे उत्तर त्याहून दुबळे आहे. बियांच्या तेलात बुरशीला अटकाव करण्याची शक्ती असते हे प्रयोगशाळेत दिसते, आणि कॅरवेतील कार्व्होन साठवणीतल्या बटाट्यांना मोड येऊ नयेत म्हणून नेदरलँड्समध्ये व्यापारी प्रमाणावर वापरले गेले आहे. परंतु पिठाच्या एक-दोन टक्के बीने पाव टिकतो असे म्हणता येत नाही, कारण राय-पाव टिकण्याची खरी कारणे वेगळी आणि पुरेशी आहेत : आम्लतेमुळे बुरशी मंदावते आणि पावाचा गाभा चिकट, तारेदार करणाऱ्या बॅसिलस जिवाणूंना वाढता येत नाही; पेंटोसान ओलावा धरून ठेवतात; आणि पिष्ट सावकाश कडक होते. मसाला नसलेला पुम्परनिकल आणि फिनलंडचा पाव आठवडेच्या आठवडे टिकतात, हा या उत्तराविरुद्धचा निर्णायक पुरावा मानावा लागेल.

उरते ते चवीचे उत्तर, पण तेही नुसते ‘चांगले लागते’ एवढ्यावर थांबू नये. रायच्या पिठाला मातकट, किंचित कडू आणि मधासारखी गोड अशी संमिश्र चव असते, तिच्यात खमिराची आंबट चव मिळते आणि दीर्घ भाजण्याने कवचाला भाजक्या कॉफीच्या जवळची करपट छटा येते. अशा दाट चवीच्या पार्श्वभूमीवर अनेथोलची गोडी किंवा कार्व्होनचा तीक्ष्ण गंध उठून दिसतो, पण वर्चस्व गाजवत नाही. हीच मात्रा मैद्याच्या पांढऱ्या पावात घातली तर तो पाव बडीशेपेच्या बिस्किटासारखा लागू लागतो. मग उत्तर युरोपातील अनेकांनी मसाला का घेतला नाही, हा प्रश्न उरतो. याचे उत्तर बहुधा सवयीत आणि परिसरात आहे : ज्या परिसरात जी बी जवळ होती आणि ज्या पिढीने ती पावात चाखली, तेथे ती टिकली, इतरत्र तिची उणीव कुणाला जाणवली नाही. म्हणजे धान्य आणि खमीर हे या पावाच्या अस्तित्वाचे भाग आहेत, तर बी ही त्याच्या प्रादेशिक ओळखीचा भाग आहे.

उद्योग, नियम आणि लेबल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, कोंडा व अंकुर बाजूला काढणे स्वस्त झाले आणि पांढरा पाव सर्वांच्या आवाक्यात आला. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम यांनी त्यापूर्वीच, १८३७ मध्ये, पावावरील आपल्या पुस्तकातून कोंड्यासकट पिठाचा पुरस्कार केला होता. पुढे विसाव्या शतकात आहारशास्त्राने तंतुमय द्रव्यांचे महत्त्व दाखवून दिल्यावर तपकिरी पाव गरिबाच्या ताटातून सुखवस्तू घरांच्या टेबलावर गेला. जर्मनीत नियम काटेकोर आहेत : राय-पाव म्हणवण्यासाठी पिठाच्या किमान ९० टक्के राय हवी, अख्ख्या धान्याचा पाव म्हणवण्यासाठी किमान ९० टक्के अख्खे धान्य हवे, आणि अख्ख्या रायच्या पावातील आम्लापैकी किमान दोन तृतीयांश खमिरातून यायला हवे. २०१४ मध्ये जर्मन पाव-संस्कृतीचा त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश झाला.

ग्राहकासाठी एक सूचना येथे करणे योग्य ठरेल. पावाचा तपकिरी रंग अख्ख्या धान्याची खूण नव्हे. कॅरॅमल रंग किंवा माल्टचा अर्क घालून मैद्याचा पावही गडद करता येतो. भारतात वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून यादीत मैदा पहिला असेल तर वेष्टनाच्या दर्शनी भागावरील शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

कृतीतील निर्णायक टप्पे

सर्वसाधारण घरगुती पावासाठी ३०० ग्रॅम रायचे जाडे पीठ आणि २०० ग्रॅम गव्हाची कणीक हे प्रमाण समतोल आहे. रायपैकी १५० ग्रॅम पीठ तितक्याच पाण्यात आणि १५ ग्रॅम जित्या खमिरात कालवून साधारण २६ ते २८ अंशांवर १२ ते १६ तास ठेवावे. फळासारखा, आंबूस वास आणि पृष्ठभागावर जाळी दिसली की खमीर तयार झाले. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात घरातले तापमान ३२ अंशांपुढे जात असल्याने याच वेळेत मिश्रण अति आंबट होते. अशा वेळी आरंभीचे खमीर निम्मे करावे किंवा वेळ कमी करावी.

बियांचे प्रमाण एकूण पिठाच्या एक ते दीड टक्का, म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला ५ ते ७.५ ग्रॅम, पुरेसे आहे : त्यात कॅरवे निम्मी आणि बाकी बडीशेप व धने असा तोल बहुतेकांना रुचतो. बिया कोरड्या तव्यावर मंद आचेवर केवळ वास सुटेपर्यंत भाजाव्या आणि खलबत्त्यात जाडसर कुटाव्या. काळपट भाजल्या तर कडवटपणा साऱ्या पावात उतरतो. तयार खमिरात उरलेले पीठ, बिया, १० ग्रॅम मीठ, सुमारे २ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि आणखी २५० ते २७० ग्रॅम कोमट पाणी घालावे. हे मिश्रण गव्हाच्या कणकेसारखे दिसत नाही, ओल्या मातीसारखे चिकटते. ते घट्ट करण्यासाठी आणखी पीठ घालण्याचा मोह टाळणे, हाच या कृतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. रायला फार मळण्याची गरज नसते, कारण ताणून बळकट करण्यासारखे जाळेच तिच्यात नसते.

अर्धा तास विसावा देऊन ओल्या हाताने पीठ साच्यात दाबावे आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे व भेगा दिसेपर्यंत, साधारण तास-सव्वा तास, फुगू द्यावे. दुप्पट होण्याची वाट पाहिली तर पाव भट्टीत खचतो. आरंभीची १० ते १५ मिनिटे २४० अंश आणि पुढे ४५ मिनिटांच्या आसपास २०० अंश असे भाजल्यावर गाभ्याचे तापमान ९७-९८ अंशांवर पोहोचले पाहिजे. त्यानंतर पाव कापडात गुंडाळून किमान २४ तास तसाच ठेवणे आवश्यक आहे. गाभ्यातील ओलावा सर्वत्र पसरून पिष्ट स्थिर होण्यास एवढा वेळ लागतो, आणि गरम राय-पाव कापणे म्हणजे केलेले श्रम वाया घालवणे होय. फ्रिजच्या तापमानाला पिष्ट सर्वांत वेगाने कडक होत असल्याने पाव बाहेर ठेवावा, किंवा काप करून गोठवावा.

मराठी स्वयंपाकघराशी नाते

राय भारतात फारशी पिकत नाही, आणि तिचे पीठ मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांतच मिळते. तरीही या परंपरेचे दोन धागे येथल्या खाद्यजीवनाशी खरोखर जुळतात. गोव्यात पोर्तुगीज काळात रुजलेल्या बेकरी परंपरेत पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीतून निघणारी पोई ही कोंड्याची, आतून पोकळ आणि वरून कोंडा भुरभुरलेली असते; ती पूर्वी माडाच्या सुरेने आंबवली जाई, म्हणजे तेथेही जिवाणू आणि रानटी यीस्ट यांची मिश्र वस्तीच काम करीत असे. महाराष्ट्रात अशा पावाची परंपरा नसली तरी अख्ख्या धान्याला याच कुळातील बियांची जोड देण्याची पद्धत थालीपिठाच्या भाजणीत पूर्णपणे दिसते : तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू आणि डाळी यांच्याबरोबर धने आणि जिरे भाजून एकत्र दळले जातात. खमंग भाजलेल्या धान्याच्या दाट चवीवर धन्याचा सुगंध बसतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून रायच्या शोधात न फिरता येथे उपलब्ध असलेल्या धान्यावरही हा विचार चालवता येतो. जात्यावर किंवा चक्कीवर दळलेली खपली किंवा साध्या गव्हाची कणीक, तिच्यात फार तर पाचवा हिस्सा नाचणी किंवा ज्वारीचे पीठ, पिठाच्या पाऊण पट ते किंचित अधिक पाणी, रात्रभराचे आंबवण आणि वर सांगितलेल्या प्रमाणात धने व बडीशेप, एवढ्यावर उत्तम पाव होतो. मात्र त्यात रायचे पेंटोसान नसल्याने तो राय-पावाइतका दिवस मऊ राहणार नाही, आणि ही मर्यादा मान्य करूनच तो करावा.

एकंदर पुराव्याचा निष्कर्ष असा की सुगंधी बियांनी काळा पाव पचनाला हलका किंवा फार टिकाऊ होतो या समजुतीला फारसा आधार नाही. त्याचा टिकाऊपणा आम्ल, पाणी आणि वेळ यांनी घडतो, आणि बिया त्याला त्याच्या गावाची ओळख देतात. ज्याला असा पाव करायचा आहे, त्याने आधी बिया न घालता दोन-तीन वेळा खमीर, ओलावा आणि विश्रांती यांचा तोल साधावा आणि मगच मसाल्याकडे वळावे. फसलेल्या कणकेला कोणतीही बी वाचवू शकत नाही.